अर्ध्या गुणाचे अंतर

१९८४ च्या फॉर्म्युला वन विश्वविजेतेपदाचा अंतिम तक्ता असा आहे : निकी लाउडा ७२ गुण, आलँ प्रोस्ट ७१.५ गुण. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जगभर सोळा शर्यती झाल्या आणि त्यांच्या शेवटी पहिल्या आणि दुसऱ्या माणसात अर्धा गुण उरला. विश्वविजेतेपदाचा निकाल इतक्या थोडक्यात त्याआधी कधी लागला नव्हता, पुढेही लागलेला नाही. हे दोघे एकाच संघाचे होते. दोघांकडे मॅक्लारेनची सारखीच गाडी, मागे सारखेच इंजिन, अंगावर सारखाच पोशाख. तरी एक विश्वविजेता ठरला आणि दुसरा राहिला.

मोटारशर्यतींत रस नसलेल्या वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. फॉर्म्युला वनमध्ये साधारणपणे प्रत्येक संघ दोन गाड्या उतरवतो. प्रत्येक शर्यतीत क्रमांकानुसार गुण मिळतात आणि वर्षअखेरीस त्यांची बेरीज होते. विजेतेपदे मात्र दोन असतात. ड्रायव्हरांचे विश्वविजेतेपद १९५० पासून आहे, तर गाडी बांधणाऱ्या संघांचे १९५८ पासून. संघाच्या खात्यात दोन्ही गाड्यांचे गुण जमा होतात. त्यामुळे पहिला कोण आणि दुसरा कोण याची संघमालकाला फारशी फिकीर नसते. दोन्ही जागा आपल्या घरात आल्या की झाले. ड्रायव्हरचे संपूर्ण आयुष्य मात्र त्या एकाच प्रश्नावर टांगलेले असते.

त्यात आणखी एक गुंता आहे. या खेळात गाडीचा वाटा इतका मोठा असतो की वेगवेगळ्या संघांच्या ड्रायव्हरांची तुलना करणे जवळजवळ निरर्थक ठरते. वाईट गाडीतला उत्तम ड्रायव्हर चांगल्या गाडीतल्या सामान्य ड्रायव्हरच्या मागे राहतो. तुलना करायची तर सहकाऱ्याशीच करता येते, कारण त्याच्याकडे तीच गाडी असते. म्हणून या क्षेत्रात असे मानतात की ड्रायव्हरने सगळ्यांत आधी हरवायचे असते ते आपल्याच सहकाऱ्याला. हा सहकारी जेवायला त्याच टेबलाशी बसतो, त्याच बैठकीत बोलतो, आणि तुम्ही कोणत्या वळणावर किती उशिरा ब्रेक दाबलात याचा आलेख तुमच्याइतकाच बारकाईने वाचतो. मराठीत याला जवळचा शब्द शोधायचा तर भाऊबंदकीच म्हणावी लागेल. विहीर एक, बांध एक, आणि वाद त्या बांधावरून.

तेव्हा प्रश्न असा : सहकाऱ्याला मागे टाकून विश्वविजेतेपद मिळवता येते का? येते, अनेकांनी मिळवले आहे. पण ज्याने ते मिळवले तोच त्या दोघांतला अधिक चांगला ड्रायव्हर होता, असे म्हणता येते का? हा दुसरा प्रश्न घेऊन मी जुने निकाल शर्यतीशर्यतीने पुन्हा मांडले. त्यातून जे दिसले ते इथे सांगतो.

मोंझा, १९५६ आणि १९६१

सुरुवातीच्या काळात हा झगडा उघडपणे होत नसे, कारण संघात क्रम ठरलेला असे. ज्येष्ठाची गाडी बिघडली तर धाकट्याने आपली गाडी थांबवून त्याला द्यायची, आणि त्या जागेचे गुण दोघांत वाटले जायचे. नियमाचीच तशी मुभा होती.

२ सप्टेंबर १९५६ रोजी इटलीत मोंझा येथे वर्षातली शेवटची शर्यत होती. फेरारी संघाचा हुआन मान्युएल फान्जिओ तोवर तीनदा विश्वविजेता झालेला. त्याचा चोवीस वर्षांचा इंग्रज सहकारी पीटर कॉलिन्स यालाही विजेतेपदाची संधी होती. शर्यतीत फान्जिओच्या गाडीचे स्टिअरिंग बिघडले. दुसरा सहकारी लुइजी मुसो याने आपली गाडी द्यायला नकार दिला. कॉलिन्स पिटमध्ये आला, आपण होऊन खाली उतरला आणि आपली गाडी त्याने फान्जिओला दिली. फान्जिओ दुसरा आला आणि विश्वविजेता झाला.

ही गोष्ट दिलदारपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेही. पण गुणांचा हिशेब मांडला की तिला वेगळा अर्थ येतो. त्या वर्षी प्रत्येकाच्या उत्तम पाच निकालांचेच गुण धरले जात. मोंझाला येण्याआधीच फान्जिओचे ३० गुण झाले होते. कॉलिन्सच्या गाडीतून मिळालेले ३ गुण त्याच्या उत्तम पाचांत बसलेच नाहीत. अंतिम तक्त्यात त्याचे गुण ३० च राहिले. ती शर्यत जिंकणाऱ्या स्टर्लिंग मॉसचे २७ झाले. म्हणजे ती गाडी मिळाली नसती तरी मॉस फान्जिओला गाठू शकत नव्हता. त्याला गाठू शकणारा एकटा कॉलिन्स होता. त्याच्याकडे २२ गुण होते; शर्यत जिंकून सर्वांत वेगवान फेरीचाही एक गुण मिळवला असता तर त्याचे ३१ झाले असते. शक्यता दूरची होती, पण शिल्लक होती. कॉलिन्सने त्या दिवशी फान्जिओला विजेतेपद मिळवून दिले असे म्हणण्यापेक्षा त्याने स्वतःचा हक्क सोडला असे म्हणणे अधिक अचूक आहे. तो तरुण होता, पुढे संधी येईलच असे त्याला वाटले असणार. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५८ मध्ये, जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. गाडी वाटून गुण घेण्याची पद्धतही त्याच वर्षापासून बंद झाली होती.

पाच वर्षांनी त्याच मोंझात, १० सप्टेंबर १९६१ रोजी, फेरारीचेच दोघे विजेतेपदासाठी समोरासमोर होते. जर्मनीचा वोल्फगांग फॉन ट्रिप्स ३३ गुणांवर आणि अमेरिकेचा फिल हिल २९ गुणांवर. दुसऱ्या फेरीत फॉन ट्रिप्सची गाडी जिम क्लार्कच्या गाडीला लागली, बांध चढून प्रेक्षकांच्या दिशेने गेली. फॉन ट्रिप्स गेला आणि त्याच्याबरोबर दहाहून अधिक प्रेक्षकही. हिलने शर्यत जिंकली. उत्तम पाच निकालांच्या नियमाने त्याचे ३४ गुण झाले, म्हणजे एका गुणाने विश्वविजेतेपद. तो अमेरिकेचा पहिला विश्वविजेता. पण वर्षातली शेवटची शर्यत त्याच्याच देशात, वॉटकिन्स ग्लेनला होती आणि तिथे फेरारीने संघच पाठवला नाही. विजेता म्हणून आपल्या लोकांसमोर गाडी चालवण्याऐवजी हिल आपल्या सहकाऱ्याच्या शवपेटीला खांदा द्यायला गेला. सहकाऱ्यावर मिळवलेल्या या विजयाचे मोजमाप कोणत्या तक्त्यात करायचे?

आज्ञा पाळणारा आणि न पाळणारा

१९७९ साली फेरारीचे जोडी शेक्टर आणि जिल व्हिलनव्ह दोघेही प्रत्येकी तीन शर्यती जिंकले. ९ सप्टेंबरला, पुन्हा मोंझातच, शेक्टर पुढे आणि व्हिलनव्ह त्याच्या मागे अर्ध्या सेकंदाच्याही आत अशी शर्यत संपली. व्हिलनव्ह त्या दिवशी जिंकता तर विजेतेपदाचा निकाल पुढच्या दोन शर्यतींवर गेला असता. पण क्रम राखायचा असे ठरले होते आणि त्याने तो राखला. शेक्टर ५१, व्हिलनव्ह ४७.

तीन वर्षांनी, एप्रिल १९८२ मध्ये, इमोलाला तोच व्हिलनव्ह पुढे होता आणि मागे नवा सहकारी दिदिए पिरोनी. आता क्रम राखला जाईल अशी व्हिलनव्हची समजूत होती. पिरोनीने शेवटच्या फेरीत त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. व्हिलनव्ह ते विसरला नाही. दोन आठवड्यांनी, ८ मे रोजी, बेल्जियममध्ये झोल्डरच्या पात्रता फेरीत त्याचा अपघाती मृत्यू झाला. त्या क्षणी वेळेच्या यादीत पिरोनी त्याच्या किंचित पुढे होता. आज्ञा पाळणाऱ्याला विजेतेपद कधीच मिळाले नाही, आणि न पाळणाऱ्यालाही मिळाले नाही. पिरोनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हॉकेनहाइमच्या अपघातात पायांनी इतका जखमी झाला की पुन्हा फॉर्म्युला वनमध्ये उतरला नाही.

लाउडाचा हिशेब

आता पुन्हा १९८४ कडे येऊ. इथे संघाने कोणालाही झुकते माप दिले नाही, म्हणून या वर्षाचा अभ्यास अधिक उद्बोधक आहे.

लाउडा १९७५ आणि १९७७ चा विश्वविजेता. १९७६ मध्ये न्युर्बुर्गरिंगला भाजून मरणाच्या दारातून परत आलेला, १९७९ मध्ये शर्यती सोडून गेलेला आणि १९८२ मध्ये परतलेला. प्रोस्ट त्याच्याहून सहा वर्षांनी लहान आणि आदल्या वर्षी दोन गुणांनी विजेतेपद हुकलेला. शर्यतीच्या आदल्या दिवशी एकेका वेगवान फेरीवरून उभे राहण्याचा क्रम ठरतो. तिथे प्रोस्ट जवळजवळ प्रत्येक वेळी लाउडाच्या पुढे होता. निव्वळ वेगात आपण या मुलाला गाठू शकत नाही हे लाउडाने ओळखले आणि त्या फेरीचा नाद सोडून तो शर्यतीच्या दिवसासाठी गाडी जुळवू लागला. त्या वर्षी शर्यतीत मध्ये इंधन भरायला बंदी होती आणि २२० लिटरांतच शेवट गाठायचा होता. इंधन, टायर आणि इंजिन जपून नेणाऱ्याला त्या नियमात मोल होते.

प्रोस्टने सात शर्यती जिंकल्या, लाउडाने पाच. मग लाउडा पुढे कसा? दोघांनीही नेमक्या दहा शर्यतींत गुण मिळवले. पण लाउडाने जिंकलेल्या पाचपैकी चार दिवशी प्रोस्टच्या खात्यात शून्य होते : एकदा गिअरबॉक्स गेला, एकदा इंजिन गेले, एकदा गाडी घसरली, एकदा तो सातवा आला. आणि प्रोस्टने जिंकलेल्या सातपैकी चार दिवशी लाउडा दुसरा किंवा चौथा आलेला होता.

येथे एक साधे गणित आहे आणि या लेखातली सगळी उदाहरणे त्याच्याभोवती फिरतात. त्या काळी पहिल्याला ९ आणि दुसऱ्याला ६ गुण मिळत. दोघांकडे मैदानातली सर्वोत्तम गाडी असेल तर बहुधा एक पहिला येतो आणि दुसरा दुसरा. म्हणजे सहकाऱ्याला शर्यतीत हरवले की फायदा ३ गुणांचा. पण एक बाद झाला आणि दुसरा जिंकला, तर फरक ९ गुणांचा. सहकाऱ्याला समोरासमोर तीनदा हरवून जे कमवायचे ते एका शून्यात जाते. म्हणून सहकाऱ्यांमधल्या लढतीत कोण किती वेळा जिंकला याच्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व कोणाच्या वाट्याला शून्य केव्हा आले याला असते. आणि ते शून्य ड्रायव्हरच्या चुकीने आले की यंत्राच्या, हे तक्ता सांगत नाही.

प्रोस्टचे दुर्दैव याहूनही पुढचे होते. ३ जून रोजी मोनॅकोला धो धो पाऊस पडत होता. प्रोस्ट पहिला होता, पण टोलमन या दुय्यम संघाचा नवखा आयर्टन सेन्ना त्याला झपाट्याने गाठत होता. ठरलेले निम्मे अंतरही झाले नसताना शर्यत थांबवण्यात आली. प्रोस्ट विजयी ठरला, पण पाऊण अंतर पूर्ण न झाल्यामुळे गुण निम्मे : ९ ऐवजी ४.५. तो अर्धा गुण आला तो इथून. शर्यत चालू राहून सेन्नाने त्याला मागे टाकले असते आणि तो दुसरा आला असता, तर पूर्ण ६ गुण मिळून त्याची बेरीज ७३ झाली असती. हरून जे मिळाले असते त्यापेक्षा जिंकून कमी मिळाले.

२१ ऑक्टोबरला पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला प्रोस्टने शेवटची शर्यत जिंकली. लाउडा अकराव्या जागेवरून निघाला होता. त्याला दुसरी जागा हवी होती आणि तिथे नायजेल मॅन्सेल होता. मॅन्सेलच्या गाडीचे ब्रेक निकामी झाले आणि लाउडा दुसरा आला. पुढच्या वर्षी प्रोस्ट विश्वविजेता झाला. लाउडाने एक शर्यत जिंकली आणि तो कायमचा निवृत्त झाला.

पिके, सेन्ना, प्रोस्ट

हे अपवादाचे वर्ष होते का, हे पाहण्यासाठी मी पुढची वर्षे तपासली. विल्यम्स संघाकडे १९८६ आणि १९८७ मध्ये सर्वांत चांगली गाडी होती. नेल्सन पिके आपण पहिल्या क्रमांकाचे ड्रायव्हर आहोत अशा समजुतीने आलेला. मॅन्सेलला ते मान्य नव्हते. संघप्रमुख फ्रँक विल्यम्स मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधल्या रस्त्यावरच्या अपघातात जायबंदी होऊन त्या वर्षी बराच काळ शर्यतींपासून दूर होते. दोघांनी एकमेकांचे गुण खाल्ले. शेवटच्या शर्यतीत अ‍ॅडलेडला मॅन्सेलचा टायर फुटला, पिकेला खबरदारी म्हणून टायर बदलायला बोलावले आणि विजेतेपद मॅक्लारेनच्या प्रोस्टला मिळाले : प्रोस्ट ७२, मॅन्सेल ७०, पिके ६९. दोघा भावांचा वाद मिटेपर्यंत शेजाऱ्याने पीक कापून नेले. हेच २००७ मध्ये मॅक्लारेनच्या घरात झाले. फर्नांडो अलोन्सो आणि लुईस हॅमिल्टन दोघांचे १०९ गुण, आणि फेरारीचा किमी रायकोनेन ११० गुणांनी विश्वविजेता.

१९८७ मध्ये मॅन्सेलने सहा शर्यती जिंकल्या, पिकेने तीनच. तरी विश्वविजेता पिके. त्याने सातदा दुसरा क्रमांक मिळवला आणि बारा शर्यतींत गुण जमवले. मॅन्सेलने नऊ शर्यतींत. जपानमध्ये सुझुकाच्या सरावात मॅन्सेलची पाठ दुखावली, शेवटच्या दोन शर्यती त्याला खेळता आल्या नाहीत, आणि निकाल तिथेच लागला. पिकेही त्या वर्षी इमोलाच्या सरावात डोक्याला मार लागून एका शर्यतीला मुकला होता, हे विसरता कामा नये.

१९८८ चे वर्ष सर्वांत प्रसिद्ध. मॅक्लारेनने प्रोस्टच्या जोडीला सेन्नाला आणले आणि होंडाच्या इंजिनासह सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या : सेन्नाने आठ, प्रोस्टने सात. पात्रता फेरीत सेन्ना तेरा वेळा पहिला होता. मोनॅकोला तर तो त्या फेरीत प्रोस्टपेक्षा जवळजवळ दीड सेकंदाने वेगवान होता, आणि शर्यतीत मोठ्या आघाडीवर असताना एकटाच कठड्याला धडकून बाद झाला. शर्यत प्रोस्टला मिळाली. उरलेल्या वर्षाचे चित्र त्या एका दिवसात दिसते.

प्रोस्ट वर्षभरात सात वेळा पहिला, सात वेळा दुसरा आला आणि फक्त दोनदा शून्यावर राहिला. त्याची बेरीज १०५, सेन्नाची ९४. पण त्या काळी उत्तम अकरा निकालच धरले जात. त्यामुळे प्रोस्टचे तीन दुसरे क्रमांक, म्हणजे १८ गुण, गळाले आणि त्याचे ८७ झाले. सेन्नाचे ९०. तीन गुणांनी सेन्ना विश्वविजेता. १९९१ पासून सगळे निकाल धरायला सुरुवात झाली आणि पहिल्या क्रमांकाला १० गुण मिळू लागले. त्या हिशेबाने मोजले तरी प्रोस्ट ११२ आणि सेन्ना १०२ असे होते.

मग विजेतेपद खरे प्रोस्टचे म्हणायचे का? मी तसे म्हणणार नाही. नियम दोघांनाही वर्षाच्या सुरुवातीपासून माहीत होता. दुसरा क्रमांक पुढे गळणार आहे हे ठाऊक असल्यावर सेन्नाने जिंकण्यासाठी धोका पत्करला, तो त्या नियमाला धरूनच होता. नियम वेगळा असता तर तो वेगळ्या रीतीने शर्यत लढला असता, प्रोस्टही. आजच्या मापाने कालची शर्यत पुन्हा मोजता येते, पण पुन्हा लढता येत नाही. इतिहासाच्या कोणत्याही शाखेत हे पथ्य पाळावे लागते.

१९८९ मध्ये हेच दोघे, हीच जागा. सेन्नाने सहा शर्यती जिंकल्या, प्रोस्टने चार. पण सेन्नाला सोळापैकी सातच शर्यतींत गुण मिळाले, प्रोस्टला तेरा शर्यतींत. वर्षाच्या सुरुवातीला इमोलाला पहिल्या वळणापर्यंत एकमेकांवर हल्ला करायचा नाही असा दोघांत करार होता. तो सेन्नाने मोडला असे प्रोस्टचे म्हणणे होते आणि तेव्हापासून बोलणे संपले. २२ ऑक्टोबरला सुझुकाला सेन्नाला जिंकणे भाग होते. त्याने एका अरुंद वळणावर आत शिरण्याचा प्रयत्न केला, प्रोस्टने वाट दिली नाही, दोन्ही गाड्या एकमेकींत अडकून थांबल्या. प्रोस्ट उतरून चालू लागला. सेन्नाने गाडी ढकलून घेतली, शर्यत जिंकलीही, पण तो अपात्र ठरला. प्रोस्ट विश्वविजेता झाला आणि पुढच्या वर्षी फेरारीत गेला. एका म्यानात दोन तलवारी दोनच वर्षे राहिल्या.

बंदी आणि परवानगी

मग संघांनी जुना मार्ग पुन्हा धरला : क्रम आधीच ठरवायचा. १२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात रुबेन्स बॅरिकेलो फेरारीसाठी शर्यत जिंकत होता. शेवटची रेषा काही मीटरांवर असताना त्याने वेग कमी करून मिखाएल शूमाखरला पुढे जाऊ दिले. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. वर्षअखेरीस असे आदेश देण्यावर बंदी आली. बंदीचा परिणाम इतकाच झाला की आदेश सांकेतिक भाषेत जाऊ लागले. २०१० मध्ये जर्मनीत फेलिपे मासाला रेडिओवरून फक्त एवढेच सांगितले गेले की अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगवान आहे. मासा बाजूला झाला, फेरारीला दंड झाला, आणि २०११ पासून बंदीच उठली.

आदेश नसला तरी संघाच्या हातात पुष्कळ काही असते. ऐंशीच्या दशकात एकच राखीव गाडी असायची. ती कोणाच्या मापाने बसवायची? नवा सुटा भाग एकच तयार झाला तर तो कोणाच्या गाडीला? टायर बदलायला आधी कोणाला बोलवायचे? असे निर्णय एका वर्षात शेकडो घेतले जातात आणि त्यांतला एकही गुणतक्त्यात नोंदलेला नसतो.

रोझबर्गचे वर्ष

या सर्वांतले अलीकडचे उदाहरण २०१६ चे. निको रोझबर्ग आणि लुईस हॅमिल्टन लहानपणी कार्टच्या शर्यतींतही एका संघात होते. मर्सिडीझमध्ये २०१४ आणि २०१५ ही दोन वर्षे हॅमिल्टनने रोझबर्गला साठ-सत्तर गुणांनी मागे टाकले होते. कोण अधिक वेगवान याबद्दल फारशी शंका कोणाला उरली नव्हती.

२०१६ मध्ये रोझबर्गने पहिल्या चारही शर्यती जिंकून ४३ गुणांची आघाडी घेतली. त्यांतल्या दोन शर्यतींच्या पात्रता फेरीत हॅमिल्टनचे इंजिन रुसले होते. स्पेनमध्ये पहिल्याच फेरीत दोघे एकमेकांवर आदळून बाद झाले. हॅमिल्टन सावरला, पुढेही गेला. मग २ ऑक्टोबरला मलेशियात तो आघाडीवर असताना त्याचे इंजिन पेटले. पुढच्या आठवड्यात सुझुकाला रोझबर्गने पात्रता फेरीत त्याला ०.०१३ सेकंदाने हरवले आणि शर्यतही जिंकली. पायांच्या स्नायूंचे वजन कमी व्हावे म्हणून आपण सायकल चालवणे थांबवले होते, असे त्याने नंतर सांगितले. एका सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी माणूस काय काय करतो ते यावरून कळते.

शेवटच्या चारही शर्यती हॅमिल्टनने जिंकल्या आणि चारही वेळा रोझबर्ग दुसरा आला. २७ नोव्हेंबरला अबू धाबीत हॅमिल्टनने पुढे राहून मुद्दाम वेग कमी ठेवला, म्हणजे मागच्यांनी रोझबर्गला गाठावे. वेग वाढव, असे संघाने सांगितले. त्याने ऐकले नाही. रोझबर्ग दुसरा टिकला. रोझबर्ग ३८५, हॅमिल्टन ३८०. विजय रोझबर्गचे नऊ, हॅमिल्टनचे दहा. शून्य रोझबर्गकडे एक, हॅमिल्टनकडे दोन. गुणांची पद्धत आता २५-१८ अशी होती, पण गणित लाउडाच्याच काळातले. पाचच दिवसांनी, २ डिसेंबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी रोझबर्गने निवृत्ती जाहीर केली. त्या वर्षी जे केले ते पुन्हा करण्याची त्याची तयारी नव्हती.

तक्ता काय सांगतो

ज्या वर्षी सहकाऱ्याला एकतर्फी हरवले गेले ती वर्षे वेगळी. १९९६ मध्ये डेमन हिलने जाक व्हिलनव्हला किंवा २०१४ मध्ये हॅमिल्टनने रोझबर्गला हरवले, तेव्हा विजयांची संख्या आणि गुण दोन्ही एकाच बाजूला होते. पण ज्या पाच लढतींचा वाद आजही चालतो त्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. १९८४ मध्ये विजेत्याचे पाच विजय, हरलेल्याचे सात. १९८७ मध्ये तीन आणि सहा. १९८९ मध्ये चार आणि सहा. २०१६ मध्ये नऊ आणि दहा. आणि १९८८ मध्ये विजेत्याचे विजय जास्त, पण एकूण गुण कमी. पाचही वेळा हरलेल्याच्या हातात दाखवायला एक मोठा आकडा राहिला.

म्हणून माझे उत्तर असे आहे. आपल्यापेक्षा वेगवान सहकाऱ्याला हरवून विश्वविजेता होता येते, पण एका रविवारच्या वेगाने ते होत नाही. वर्षभर शून्य टाळावे लागते, त्या वर्षीचा नियम ओळखून चालावे लागते, संघाने मोकळे सोडलेले असावे लागते, आणि तरीही दुसऱ्याचे इंजिन कधी जळेल यावर आपला काही ताबा नसतो. यातल्या पहिल्या दोन गोष्टी लाउडा आणि रोझबर्ग यांनी कष्टाने साधल्या, आणि तेही कौशल्यच आहे. उरलेल्या दोन त्यांच्या वाट्याला आल्या. कॉलिन्सच्या आणि १९७९ च्या व्हिलनव्हच्या वाट्याला तिसरी गोष्टच आली नाही. विजेतेपदाच्या पाटीवर या चौघांतले दोघे आहेत आणि दोघे नाहीत. त्यांच्या योग्यतेतले अंतरही तेवढेच होते असे मानायला मी तयार नाही.

रोझबर्ग आणि हॅमिल्टन भांडत होते त्या वर्षांत मर्सिडीझ संघाचा बिगरकार्यकारी अध्यक्ष म्हणून निकी लाउडाच त्या गॅरेजमध्ये लाल टोपी घालून उभा असे. दोघांपैकी एकाला अगदी थोडक्या गुणांनी जिंकताना आणि दुसऱ्याला हरताना त्याने जवळून पाहिले. मे २०१९ मध्ये तो वारला. त्याच्या नावावर विश्वविजेतेपदे तीन लागली आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्यापुढे आजही ७२ हाच आकडा आहे. त्याच्या खालच्या ओळीत ७१.५.